चकाकीचा शिल्पकार : हार्ली अर्ल

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करणाऱ्याला इंजिनाची फारशी भीती वाटत नाही. इंजिन उघडता येते, झिजलेले भाग बदलता येतात. पत्रा ठोकून सरळ करता येतो, रंग खरवडून नव्याने देता येतो. त्याची खरी कसोटी लागते ती खोक्यांत भरून ठेवलेले चमकदार भाग जमिनीवर मांडले जातात तेव्हा. बंपर, पुढची जाळी, दिव्यांभोवतालची वलये, दारांच्या मुठी, काचांच्या चौकटी, बाजूंवरून धावणाऱ्या पट्ट्या, मोटारीच्या नावाची अक्षरे आणि बोधचिन्हे. कुठे गंज, कुठे फोड, कुठे नुसतीच काळवंडलेली धातू. १९५०च्या दशकातील एखाद्या ब्यूक किंवा कॅडिलॅक गाडीचा हा संसार मोजता मोजता माणूस थकतो. त्यातले कित्येक भाग केवळ त्या एका वर्षाच्या, त्या एकाच मॉडेलला बसणारे. आदल्या वर्षीच्या गाडीचा तुकडा उसना घ्यावा म्हटले तर तो जुळत नाही.

हा पसारा मोटारीच्या अंगावर चढवला कोणी आणि दरवर्षी तो बदलण्याची रीत पाडली कोणी, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी एकाच नावापाशी येऊन थांबते. ते नाव म्हणजे हार्ली अर्ल. मोटारीचे रूप ठरवणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, ही गोष्ट अमेरिकी उद्योगाच्या गळी उतरवणारा हा माणूस. ज्या झगमगाटाने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले, त्याच झगमगाटाने अखेरच्या काळात त्यांना अडचणीत आणले.

अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी कॅलिफोर्नियात लॉस एंजलिस येथे झाला. वडील घोडागाड्या बांधणारे कारागीर होते. १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या कारखान्याने काळाची पावले ओळखली आणि १९०८ पासून तो मोटारींचे सांगाडे व त्यांचे सामान बनवू लागला. लाकडाचा वास, पत्र्यावरील हातोडीचा ठोका आणि वार्निशची चकाकी यांच्या सहवासात हार्ली वाढले. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला गेले खरे. पण पदवी न घेताच परतले आणि वडिलांच्या कारखान्यात रमले.

हॉलिवूडचे चित्रपटविश्व तेव्हा बाळसे धरत होते. पडद्यावरील ताऱ्यांना मोटारही पडद्यावरच्यासारखीच हवी असे. रॉस्को आर्बकल, टॉम मिक्स अशा नटांसाठी अर्ल यांनी खास गाड्या घडवल्या. गुराख्यांच्या भूमिका करणाऱ्या टॉम मिक्ससाठी तर त्यांनी मोटारीवर घोड्याचे खोगीर बसवून दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक केवळ वाहन विकत घेत नाही, वाहनातून दिसणारी स्वतःची प्रतिमा विकत घेते, हा धडा त्यांनी याच गावात गिरवला असावा. त्यांची सगळी पुढची कारकीर्द त्या एका धड्याचा विस्तार वाटते.

१९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅडिलॅकचे विक्रेते डॉन ली यांनी अर्ल कुटुंबाचा कारखाना विकत घेतला आणि हार्ली यांना तेथेच ठेवून घेतले. कॅडिलॅकचे प्रमुख लॉरेन्स फिशर यांनी तेथील काम पाहिले तेव्हा त्यांना नवल वाटले ते एका गोष्टीचे. अर्ल मोटारीचे रूप मातीत घडवत. अन्यत्र लाकूड आणि ठोकलेला पत्रा यांतून नमुने तयार होत. त्यांत बॉनेट, मडगार्ड, दिवे हे निरनिराळ्या घरांतून आणून एकत्र बांधल्यासारखे दिसत. मातीत मात्र बोट फिरवले की एक आकार दुसऱ्यात मिसळून जाई. फिशर यांनी त्यांना डेट्रॉइटला बोलावून कॅडिलॅकपेक्षा थोड्या स्वस्त अशा नव्या गाडीचे काम सोपवले. मार्च १९२७ मध्ये बाजारात आलेली ती लासाल. युरोपातील इस्पानो-सुइझा गाडीची छाप तिच्यावर स्पष्ट होती आणि अर्ल यांनी ती कधी फारशी लपवलीही नाही.

जनरल मोटर्सचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांना हवा असलेला माणूस यातून सापडला. हेन्री फोर्ड यांनी एकाच सुरतीची स्वस्त मोटार घरोघरी पोहोचवली होती. त्यांच्याशी किमतीत झुंजण्यापेक्षा गिऱ्हाइकाला दरवर्षी काही तरी नवे दाखवावे, हा स्लोन यांचा हिशेब होता. १९२७ मध्येच त्यांनी ‘आर्ट अँड कलर’ नावाचा विभाग काढून तो अर्ल यांच्या हाती दिला. सुरुवातीला माणसे ५०च्या आसपास. कारखान्यातील जुने अभियंते या विभागाला शृंगारगृह म्हणून हिणवीत. सहा फुटांहून कितीतरी उंच, नेहमी झकपक कपड्यांत वावरणारा हा कॅलिफोर्नियाचा तरुण त्यांना नाटकी वाटे.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. तिचा अर्ल यांच्याशी थेट संबंध नव्हता; पण तिच्यावाचून त्यांच्या मोटारींची कल्पनाही करता येत नाही. आरंभीच्या मोटारींवर पितळ चमके, नंतर निकेलचा मुलामा आला. दोन्ही धातू हवेने मंदावतात, निकेलवर पिवळसर झाक चढते, आणि मालकाला फडके घेऊन त्यांची वारंवार सेवा करावी लागते. १९२०च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या साह्याने क्रोमियमचा मुलामा देण्याची भरवशाची रीत बसवली. जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबाइल गाड्यांवर तो लगोलग दिसू लागला आणि दशक संपेपर्यंत बहुतेक अमेरिकी मोटारींनी निकेलची वरची चमक टाकून क्रोम स्वीकारले. फडक्याची कटकट संपली. हा थंड, किंचित निळसर उजेड पावसात भिजला तरी मळत नव्हता.

येथे थोडे विषयांतर. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोकलँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातून आलेल्या तांबड्या शिशाच्या खनिजात शोधले. त्याच्या संयुगांचे रंग इतके नाना तऱ्हेचे की ग्रीक भाषेतील रंगवाचक शब्दावरून त्याचे नाव पडले. पाचूची हिरवाई आणि माणकाची लाली हीदेखील त्याचीच देणगी. नावातच रंग असलेला हा धातू स्वतः मात्र करडा आहे, आणि कला व रंग यांच्या नावाने निघालेल्या विभागाने त्यालाच आपले मुख्य हत्यार बनवले.

या मुलाम्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. बंपर चमकतो तो क्रोममुळे, असे आपण समजतो. वास्तविक सजावटीच्या कामात क्रोमचा थर असतो पाव मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरचे चार हजार भाग केले तर त्यातील एक. त्याखाली असते निकेल, क्रोमच्या शंभरपट जाड. आणि चांगल्या कामात त्याखाली तांबे. आरशासारखी झळाळी निकेलची, सपाटी तांब्याची आणि तांब्याखालच्या मूळ धातूवर राबलेल्या हातांची. क्रोम त्यावर केवळ निळसर छटा देते, कठीणपणा देते आणि निकेलला मंदावू देत नाही. ते कोणताही ओरखडा बुजवत नाही. उलट तो अधिक ठसठशीत करून दाखवते. आपल्याकडे कल्हईवाला भांडे घासून तापवल्याशिवाय कथलाला हात लावत नसे, त्यातलाच हा प्रकार. शेवटचा थर चढायला काही मिनिटे पुरतात, खालची तयारी काही दिवस खाते.

अर्ल स्वतः क्वचितच रेखाटन करीत. स्टुडिओत खुर्ची टाकून ते मातीच्या पूर्णाकृती नमुन्याकडे पाहत बसत आणि हाताच्या इशाऱ्यांनी, अर्धवट वाक्यांनी फरक सुचवत. ही पट्टी थोडी खाली, तो वळसा थोडा पुढे. जेथे क्रोम यायचे तेथे मातीवर चकाकती वर्खासारखी पन्नी चिकटवून पाहिली जाई. मोटार प्रत्यक्षात असो वा दिसण्यात, लांब आणि बुटकी करत नेणे हे त्यांच्या सगळ्या कामाचे सूत्र होते. आडवी चकाकती रेघ नजरेला पुढून मागे ओढून नेते आणि गाडी आहे त्याहून लांब भासते. रुंद जाळी गाडीला जमिनीलगत बसवते. अर्ल यांच्या हाती क्रोम हा दागिना कमी आणि रेघ अधिक होती, निदान पहिली २० वर्षे तरी.

वाट निर्वेध मात्र नव्हती. १९२९च्या ब्यूकसाठी त्यांनी कमरेखाली हलका फुगवटा ठेवला होता. उत्पादन करणाऱ्यांनी सोयीसाठी खालचा पत्रा आत ओढला, उंची वाढवली आणि तो हलका फुगवटा बेढब झाला. लोकांनी त्या गाडीला गरोदर ब्यूक असे नाव ठेवले आणि विक्री घसरली. त्यानंतर आपल्या नमुन्यात परस्पर फेरफार होणार नाही, याची तजवीज त्यांनी स्लोन यांच्या पाठबळावर केली. हाताखालच्यांना त्यांचा धाक वाटे. सुरकुतलेल्या कपड्यांत कोणाला दिसू नये म्हणून ते कार्यालयात कपड्यांचे जादा जोड ठेवत, असे सांगितले जाते. १९३७ मध्ये विभागाचे नाव बदलून ‘स्टायलिंग’ झाले. १९३८ मध्ये त्यांनी केवळ भविष्याची चाहूल देण्यासाठी ‘वाय-जॉब’ ही ब्यूक तयार करवली. झाकले जाणारे दिवे, विजेवर चालणाऱ्या काचा आणि आडव्या क्रोम रेघा असलेली ही बुटकी गाडी विक्रीसाठी नव्हतीच. अर्ल ती स्वतः वर्षानुवर्षे डेट्रॉइटच्या रस्त्यांवर चालवत. १९४० मध्ये ते जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष झाले. एवढ्या मोठ्या उद्योगात रूपकाराला असे पद त्यापूर्वी मिळालेले नव्हते.

मोटारीच्या पत्र्याचा आकार बदलायचा तर अवजड साचे नव्याने करावे लागतात आणि त्याला अफाट खर्च येतो. जाळी, पट्ट्या, बोधचिन्हे आणि दिव्यांची वलये बदलणे त्या मानाने स्वस्त. म्हणून पत्रा दोन-तीन वर्षे तोच ठेवून चकाकते भाग दरवर्षी नवे करण्याची पद्धत रुळली. गेल्या वर्षीची गाडी शेजाऱ्याच्या दारात उभी असली की तिचे वय या भागांवरून चटकन ओळखू यावे आणि मालकाच्या मनात नव्या गाडीची इच्छा जागी व्हावी, हा त्यामागचा उघड हेतू. पुढे समाजचिंतकांनी या प्रकारावर कडक टीका केली आणि ती अनाठायी नव्हती. पण त्याचा एक परिणाम कोणीच योजलेला नव्हता. जी गाडी तीन वर्षांत जुनी वाटावी म्हणून घडवली, तिचे ते एकाच वर्षाचे भाग आज जीव मुठीत धरून सांभाळावे लागतात, कारण ते पुन्हा कोणी बनवलेले नसतात. लोकप्रिय मॉडेलांच्या नकला मिळतात. पण त्या भोकाला भोक मिळून बसतीलच असे नाही. म्हणून जाणकार मूळ तुकडाच पुन्हा मुलाम्याला देतो, मग तो कितीही खराब झालेला असो.

युद्धाने हा उत्सव मध्येच थांबवला. १९४२च्या आरंभी अमेरिकी सरकारने मोटारींच्या शोभेच्या भागांवर क्रोम वापरायला मनाई केली, फक्त बंपर वगळले. थोडेच दिवस निघालेल्या त्या गाड्यांवर जाळी आणि पट्ट्या रंगवून दिल्या गेल्या. फेब्रुवारीत तर खासगी मोटारींचे उत्पादनच बंद झाले. अशी एखादी गाडी हाती आली आणि मालकाने उत्साहाने तिच्या पट्ट्यांना क्रोम देऊन आणले, तर त्याने इतिहास पुसला असेच म्हणावे लागेल. तेथे रंगच खरा.

युद्धानंतरची १२ वर्षे अर्ल यांच्या वैभवाची. लॉकहीडच्या पी-३८ या दुहेरी शेपटाच्या लढाऊ विमानाने ते युद्धकाळातच भारावून गेले होते. आपल्या सहकाऱ्यांना त्यांनी ते मुद्दाम दाखवून आणले. १९४८च्या कॅडिलॅकवर मागच्या बाजूस दोन छोटे उंचवटे आले आणि तेथून अमेरिकी मोटारीच्या माशाच्या परासारख्या शेपट्यांचे युग सुरू झाले. बंपरवर तोफगोळ्याच्या आकाराची टोके आली. १९५१ची प्रायोगिक ल सेबर पावसाचा थेंब पडताच आपले छत आपण उभारत असे. ‘मोटोरामा’ नावाची प्रदर्शने भरू लागली, त्यांत मोटार एखाद्या नटीसारखी रंगमंचावर येई. १९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातील अशाच सोहळ्यात कॉर्व्हेट लोकांसमोर आली. काचतंतूचे अंग, पांढरा रंग आणि पुढच्या जाळीत क्रोमचे १३ दात. त्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या.

मधल्या काळात कोरियन युद्धामुळे निकेलची टंचाई झाली आणि सरकारने त्याच्या वापरावर बंधने घातली. १९५२च्या सुमाराच्या बऱ्याच गाड्यांवर मग तांब्यावर थेट क्रोम चढवून वर पारदर्शक लॅकर फासले गेले. दिसायला सारे ठीक. पण मधला रक्षणकर्ता थरच गायब. काही हिवाळ्यांत लॅकर निघून गेले आणि गंज वर आला. जीर्णोद्धार करणारे या मुलाम्याला आजही कोरियन युद्धाचे क्रोम म्हणून ओळखतात. मूळ स्थितीशी इमान राखायचे तर तोच निकृष्ट मुलामा पुन्हा द्यायला हवा, असा तर्क कोणी लढवू शकेल. बहुतेक जण मात्र तेथे इतिहासाला हात जोडून निकेल घालून घेतात, आणि ते शहाणपणाचे वाटते.

अर्ल यांच्या कल्पनेच्या गाड्या आपल्या दारापर्यंतही आल्या होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना सुरू केला, तो १९५४ पर्यंत चालला. मरीन ड्राइव्हच्या वळणावरून त्या काळी धावणाऱ्या शेव्हरोले गाड्यांच्या जाळ्या आणि पट्ट्या डेट्रॉइटच्या त्याच मातीच्या नमुन्यांवरून आलेल्या. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांनी त्यांचे काय केले असेल, हे समुद्रकाठी लोखंडी खिडकी असलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

सुखाचा अतिरेक व्हावा तसे १९५५ नंतर झाले. रूपकार रेमंड लोवी यांनी त्या वर्षी अमेरिकी मोटारींची तुलना चाकांवरच्या ज्यूकबॉक्सशी केली. जनरल मोटर्सला त्याचे काय? देशातील निम्म्याच्या आसपास मोटारी तिच्याच होत्या. क्रोमने विक्री वाढते हा अनुभव, म्हणून आणखी क्रोम. पूर्वी जी रेघ होती ती आता पत्रा झाकू लागली. १९५८च्या ब्यूकच्या एकट्या जाळीत १६० चौकोनी तुकडे होते आणि प्रत्येकाला चार पैलू. त्याच वर्षीच्या ओल्ड्समोबाइलच्या बाजूंवर पट्ट्यांची एवढी दाटी झाली की पत्र्याचा रंग मधल्या मोकळ्या जागेत शोधावा लागे.

त्या गाड्या बाजारात येण्याआधीच, १९५६च्या उन्हाळ्यात, अर्ल यांच्या एका तरुण रूपकाराने क्रायस्लर कंपनीच्या आवारात उभ्या असलेल्या १९५७च्या प्लिमथ गाड्या कुंपणापलीकडून पाहिल्या. व्हर्जिल एक्सनर यांनी घडवलेल्या त्या गाड्या सडपातळ, छत पातळ, शेपट्या ताणलेल्या आणि क्रोम बेताचे. बातमी फुटताच जनरल मोटर्सच्या स्टुडिओतील मंडळी एकामागून एक तेथे जाऊन पाहून आली. अर्ल तेव्हा युरोपात होते. त्यांचे उजवे हात बिल मिचेल यांच्या संमतीने तरुणांनी १९५९च्या गाड्यांचे ठरलेले नमुने बाजूला सारले आणि नवे घडवायला घेतले. अर्ल परतले, त्यांनी ते पाहिले आणि अखेर मान्य केले. ज्यांच्या एका भुवईने माणसे थरथरत, त्यांच्या आयुष्यातील हा प्रसंग फार बोलका आहे. ते चिडू शकले असते, कामावरून काढू शकले असते. आपली नजर मागे पडली हे त्यांनी ओळखले असावे. १९५८ मध्ये अमेरिकेत मंदी आली, ब्यूक आणि ओल्ड्समोबाइल यांच्या त्या जडजवाहीर गाड्यांना तिचा जबर फटका बसला. वर्षअखेरीस अर्ल निवृत्त झाले. पन्नासाचा विभाग तोवर हजारावर गेला होता. मिचेल त्यांच्या जागी आले आणि पुढच्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांवरून क्रोम हळूहळू उतरत गेले.

त्या १९५८च्या जाळीसारखी वस्तू आज पुन्हा मुलाम्याला जाते तेव्हा अर्ल यांची हौस म्हणजे काय, हे कारागिराच्या बोटांना कळते. बंपर पोलादाचा असतो, तो ठोकता येतो, घासता येतो. नक्षीचे बरेच भाग मात्र जस्ताच्या मिश्रधातूचे, वितळवून साच्यात दाबलेले. मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आत शिरली की जस्त कुजते, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि वरचा मुलामा फोडासारखा उचलला जातो. आधी जुने क्रोम, मग निकेल, मग तांबे उतरवायचे. तेही असे की खालचे जस्त आम्लात विरघळून जाऊ नये. त्यानंतर दिसतात ते खड्डे. टाचणीच्या डोक्याएवढा प्रत्येक खड्डा बारीक हत्याराने कोरून स्वच्छ करावा लागतो, कारण आत कुजका कण राहिला तर तो दोन वर्षांनी पुन्हा वर येतो. जस्ताला थेट आम्लयुक्त तांब्याच्या हौदात घालता येत नाही, म्हणून पहिला पातळ थर सायनाइडच्या द्रावणातून. मग जाड तांबे, मग घासणे. पुन्हा तांबे, पुन्हा घासणे. खोल खड्डा डाग देऊन भरायचा तर आच बेताची हवी, कारण हा धातू ३८० अंश सेल्सियसच्या आसपास वितळू लागतो आणि क्षणभराच्या दुर्लक्षाने मूळ भागाचा गोळा होतो. हे सारे उरकल्यावर निकेल, आणि सर्वांत शेवटी ते पाव मायक्रॉन क्रोम.

सर्वांत मोठा धोका गंजाचा नव्हे, घाईचा असतो. चकाकीच्या हव्यासाने पॉलिशचे चाक जरा जास्त दाबले की पैलूंच्या कडा गोल होतात, अक्षरांची धार जाते, बोधचिन्हातील बारीक रेघा बुजतात. भाग आरशासारखा लखलखतो; पण अर्ल यांनी मातीवर तासन्‌तास निरखून ठरवलेली रेघ त्यातून नाहीशी झालेली असते. ती परत आणता येत नाही. म्हणून अनुभवी मालक प्रत्येक भागाचे छायाचित्र काढून, मोजमाप घेऊन, मागचे खिळे-पेच मोजून मगच तो कारागिराच्या हवाली करतो. बाजूंच्या पुष्कळशा पट्ट्या मुळात स्टेनलेस पोलादाच्या असतात. त्यांना मुलाम्याची गरजच नसते, चाकावर नीट पॉलिश केले की पुरे, हेही अनेकांना पैसे खर्च झाल्यावर कळते.

निवृत्तीनंतरची दहा वर्षे अर्ल यांनी मुख्यतः फ्लोरिडात घालवली. १९५९ची कॅडिलॅक, तिच्या आकाशात घुसणाऱ्या शेपट्या आणि बंदुकीच्या गोळ्यांसारखे तांबडे दिवे यांच्यासह, ते पायउतार होत असतानाच रस्त्यावर आलेली होती. ती सुंदर की हास्यास्पद, यावर अजूनही एकमत नाही. १० एप्रिल १९६९ रोजी वेस्ट पाम बीच येथे पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. ते गेले तेव्हा त्यांच्या गाड्या भंगारवाल्यांकडे पडून होत्या. या शतकाच्या आरंभी ब्यूकने आपल्या जाहिरातींत त्यांचे भूत अवतरवले होते, आणि वाय-जॉब जनरल मोटर्सच्या संग्रहात आजही जपलेली आहे.

क्रोमच्या हौदाचे दिवस मात्र भरत आले आहेत. या कामी पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले षट्संयुजी क्रोमियम श्वासावाटे गेल्यास कर्करोग घडवते. त्या हौदांवर वाकून काम करणाऱ्यांनी त्याची किंमत मोजली आहे. युरोपीय संघात २०१७ पासून त्याच्या वापरासाठी खास परवानगी लागते. कॅलिफोर्नियाने, म्हणजे अर्ल यांच्या जन्मभूमीनेच, सजावटीच्या मुलाम्यासाठी त्याचा वापर २०२७ पासून बंद करण्याचा नियम २०२३ मध्ये संमत केला. काही अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुदत आहे. पर्याय म्हणून आलेले त्रिसंयुजी क्रोमियम पुष्कळच निर्धोक आहे. पण त्याची छटा जुन्याहून किंचित वेगळी पडते. एकट्या भागावर ते डोळ्यांना कळतही नाही. पुढचा बंपर जुन्या हौदातून आणि मागचा नव्यातून निघाला, तर उन्हात गाडीभोवती एक फेरी मारताच फरक दिसतो. त्यामुळे ज्यांच्याकडे अशी गाडी अर्धवट उघडून पडली आहे, ते आता खोक्यांतले सगळे भाग एकदमच मुलाम्याला पाठवण्याच्या खटपटीत आहेत.